ओढ्याकाठचं ह्यूस्टन

"मामा, इथं बघायला असं काही नाही रे," भाचीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ह्यूस्टनच्या नैऋत्येला शुगरलँड नावाच्या गावात ती अकरा वर्षं राहते आहे. तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस नासा, एक दिवस स्वामिनारायण मंदिर, एक दिवस गॅल्व्हेस्टनचा समुद्र, आणि उरलेले दिवस मॉल आणि घर. मी मार्च-एप्रिलमधले पाच आठवडे तिथं राहिलो. भाची मेडिकल सेंटरमधल्या एका प्रयोगशाळेत काम करते. सकाळी ती मला तिथल्या रेल्वे स्टेशनवर सोडायची आणि संध्याकाळी पाचला उचलायची. मधले आठ तास माझे आणि ह्यूस्टनचे.

ह्यूस्टन लोकसंख्येनं अमेरिकेतलं चौथं शहर. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो आणि मग हे. 2020 च्या जनगणनेत शहराच्या हद्दीत 23 लाख माणसं होती आणि भोवतालची उपनगरं धरली तर 70 लाखांच्या वर. विस्तार मात्र अफाट. एकट्या शहराची जमीनच साडेसोळाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईच्या अडीचपटीहून जास्त. या 23 लाखांत स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेली आणि त्यांच्या वंशातली माणसं सुमारे 44 टक्के, गोरे 24, काळे 22-23 आणि आशियाई 7 टक्के. बहुमत कुणाचंच नाही. चौथाईहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत, आणि अमेरिकेच्या जनगणना खात्यानं या महानगरात किमान 145 घरभाषा मोजल्या आहेत. टेक्सास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठी टोपी घातलेला गोरा गुराखी येतो. तोही इथं आहे. मार्चमध्ये इथं गुरांचं मोठं प्रदर्शन आणि रोडिओ भरतो, तेव्हा बँकेतले कारकूनसुद्धा बूट-टोपी चढवून कामाला येतात. पण शहरातल्या रेल्वेच्या लाल लाइनच्या डब्यात माझ्या शेजारी बसायच्या त्या होंडुरासच्या सफाई कामगार बाई, नायजेरियाची नर्स, नाहीतर व्हिएतनामी आजोबा.

ही माणसं इथं का आली, हे मला समजून घ्यायचं होतं. तो शोध दर वेळी मला पाण्यापाशी घेऊन गेला.

म्हणून आधी पाण्याचं सांगतो. लाल लाइन डाउनटाउन ओलांडून उत्तरेला निघते तिथं, विद्यापीठाच्या इमारतीशेजारी, एक उतार खाली जातो. खाली मातकट पाणी जेमतेम हलत असतं. हा बफेलो बायू. बायू म्हणजे धड नदी नाही आणि धड ओढाही नाही. सपाट प्रदेशातून कसलीही घाई नसल्यासारखं सरकणारं, दोन्ही काठांवर दाट झाडी असलेलं, भरतीला मागं रेटलं जाणारं पाणी. कोकणातल्या खाडीचं अगदी वरचं टोक आठवा, म्हणजे थोडीफार कल्पना येईल. इथं व्हाइट ओक बायू येऊन मिळतो. या संगमावर ऑगस्टस आणि जॉन ॲलन या न्यूयॉर्ककडच्या दोन भावांनी ऑगस्ट 1836 मध्ये गाव वसवायचं ठरवलं. चारच महिने आधी, 21 एप्रिलला, सॅम ह्यूस्टननं इथून जवळच सॅन जसिंटोच्या लढाईत मेक्सिकोच्या सैन्याचा पराभव केला होता आणि टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक झालं होतं. विजयी सेनापतीचं नाव गावाला दिलं तर गाव राजधानी होईल हा भावांचा हिशेब दोन वर्षं खराही ठरला.

त्यांनी वर्तमानपत्रांतून केलेल्या जाहिरातीत ही जागा उंचावरची, आरोग्यदायी, समुद्राच्या वाऱ्याची होती. प्रत्यक्षात दलदल, डास आणि पीतज्वर. जानेवारी 1837 मध्ये 'लॉरा' नावाची पहिली आगबोट शेवटचे 12 मैल यायला निघाली, तेव्हा पाण्यातले ओंडके आणि फांद्या बाजूला करत तिला तीन दिवस लागले. आणि तरीही बोटीवरच्या लोकांना गाव दिसलंच नाही. ते पुढं निघून गेले आणि मग मागं वळले. मी त्या उतारावर उभा होतो तेव्हा माथ्यावरून आठ-दहा पदरी पूल गेले होते, मागं काचेचे मनोरे होते, आणि पाण्याकाठी एक बगळा होता. सारं शहर जिथून निघालं ती जागा बघायला त्या सकाळी दुसरं कुणी नव्हतं.

अशा जागी महानगर उभं राहायला नको होतं. समुद्र तिथून 80 किलोमीटर लांब. खरं बंदर होतं गॅल्व्हेस्टन, समुद्रातल्या बेटावरचं श्रीमंत शहर. 8 सप्टेंबर 1900 ला चक्रीवादळानं समुद्र त्या बेटावरून वाहवला आणि किमान सहा हजार माणसं एका रात्रीत गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी 1901 मध्ये, ह्यूस्टनच्या पूर्वेला ब्यूमाँटजवळ स्पिंडलटॉपच्या टेकाडातून तेलाचं कारंजं उडालं. तेल बाहेर न्यायला बंदर हवं होतं, आणि समुद्रकाठी ते बांधायचं धैर्य आता कुणात नव्हतं. ह्यूस्टनकरांनी वॉशिंग्टनला सांगितलं की ओढा खोल करायचा निम्मा खर्च आम्ही देतो. तसा ठराव त्यांनी मतदानानं मंजूर करून घेतला. स्थानिक लोकांनी निम्मे पैसे घालून सरकारी काम करून घ्यायची ही अमेरिकेतली नवी रीत होती. 10 नोव्हेंबर 1914 ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बसून एक बटण दाबलं, त्या विजेनं इथली तोफ उडाली आणि 25 फूट खोल जलमार्ग जहाजांना खुला झाला. परदेशी मालाच्या वजनाचा हिशेब धरला तर आज ते अमेरिकेतलं सर्वांत मोठं बंदर आहे.

ते बघायचं तर एका रविवारी लिंचबर्गच्या तरीवर जावं. आमच्या गाडीसकट आम्ही काही मिनिटांत पलीकडे गेलो, आणि पैसे शून्य. एकोणिसाव्या शतकापासून इथं तरीची ये-जा चालू आहे. आमच्या बाजूनं एक टँकर एवढा जवळून गेला की आकाश झाकलं गेलं. मागं सॅन जसिंटोचा स्मारकस्तंभ, 567 फूट उंच, वॉशिंग्टनच्या स्तंभाहून बारा फूट जास्त. भोवताली दोन्ही काठांवर दिसेल तिथवर तेलशुद्धीकरणाच्या टाक्या, नळ्या, ज्वाळा. हवेला गोडसर, घशात बसणारा वास. माझ्या भाचीच्या मुलानं खिडकी वर केली. काठाला राहणाऱ्यांना तेवढी सोय नाही.

आता या शहराची सर्वांत नवलाची गोष्ट. ह्यूस्टनला झोनिंग नाही. कुठं घरं, कुठं दुकानं, कुठं कारखाने हे ठरवणारा नगररचनेचा कायदा नसलेलं हे अमेरिकेतलं एकमेव मोठं शहर. 1948, 1962 आणि 1993, तीनदा लोकांपुढं प्रश्न गेला आणि तीनदा लोकांनी नको म्हटलं. त्यामुळं रस्त्यावरून जाताना चाळीस मजली मनोऱ्याला चिकटून बैठं घर, घराला चिकटून वेल्डिंगचं दुकान, त्याच्या पलीकडे चर्च आणि मग टायरवाला असं दृश्य दिसतं. पहिल्या आठवड्यात माझे डोळे थकले. दुसऱ्या आठवड्यापासून मला त्यातला फायदा दिसायला लागला. इथं माणसाला सुरुवात करणं सोपं आहे. घरं न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाहून पुष्कळ स्वस्त, जागा मिळते, आणि ज्या वस्तीत राहतो तिथंच दुकान टाकता येतं. नवख्या माणसाला पाय रोवायला हे फार मोठं आहे.

पण ही मुभा सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. श्रीमंत वस्त्यांनी जमिनीच्या खरेदीखतातच अटी घालून ठेवल्या आणि तिथं आजही दुकानसुद्धा उघडता येत नाही. रिव्हर ओक्सच्या विशाल ओक वृक्षांखालून चालताना हे कळतं. ज्यांच्यापाशी वकील नव्हते त्यांच्या शेजारी काय आलं, ते रॉबर्ट बुलर्ड या समाजशास्त्रज्ञानं 1979 मध्ये मोजून दाखवलं. काळ्यांच्या वस्तीत येऊ घातलेल्या कचरा-डेपोविरुद्ध त्यांच्या वकील पत्नीनं दावा लावला होता, त्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नोंदी उपसल्या. महापालिकेचे पाचही कचरा-डेपो काळ्या वस्त्यांत होते आणि कचरा जाळायच्या आठ भट्ट्यांपैकी सहा तिथंच. शहरात काळे होते चौथा हिस्सा. दावा फेटाळला गेला, पण पर्यावरणातल्या न्यायाचा विचार अभ्यासाचा विषय झाला तो या कामापासून. नियोजन नसलं की सगळं आपोआप समान होतं असं मानणाऱ्यांनी ही आकडेवारी जरूर पाहावी.

काळ्यांच्या वस्त्यांपैकी एक, थर्ड वॉर्ड, मला ह्यूस्टनमधली सर्वांत महत्त्वाची जागा वाटते. इथले वॉर्ड म्हणजे एकोणिसाव्या शतकातले पालिकेचे विभाग. ते केव्हाच रद्द झाले, पण नावं माणसांनी सोडली नाहीत. डाउनटाउनहून जांभळ्या लाइननं एल्गिनच्या स्टेशनवर उतरलो आणि पंधरा मिनिटं चाललो. पुढं दहा एकरांची बाग आहे, इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीची बाग. अब्राहम लिंकन यांचा गुलामीमुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. टेक्सासमधल्या गुलामांपर्यंत तो पोचायला 19 जून 1865 उजाडला. त्या दिवशी जनरल ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टनमध्ये हुकूम जाहीर केला. अडीच वर्षं माणसं स्वतंत्र असून राबत होती. पुढं दर वर्षी हा दिवस साजरा करायला त्यांना जागा हवी होती आणि सार्वजनिक बागांत त्यांना मज्जाव होता. म्हणून 1872 मध्ये, जॅक येट्स या धर्मगुरूंच्या पुढाकारानं, नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांनी 800 डॉलर वर्गणी जमवली आणि ही जमीन विकत घेतली. सात वर्षांपूर्वी स्वतःच्या देहावरही ज्यांचा हक्क नव्हता त्यांनी घेतलेली ही जमीन. जूनटींथ नावाचा तो सण अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी व्हायला मात्र 2021 साल उजाडलं. बागेच्या कडेचा रस्ता आधी गुलामीच्या बाजूनं लढलेल्या एका सैनिकाच्या नावाचा होता. 2017 मध्ये त्याचं नाव इमॅन्सिपेशन ॲव्हेन्यू झालं.

जवळच लहान, पांढऱ्या, एकापुढं एक खोल्या असलेल्या 22 जुन्या घरांची रांग आहे. त्यांना शॉटगन घरं म्हणतात. पडायला आलेली ही घरं 1993 मध्ये काही काळ्या कलावंतांनी हाती घेतली, त्यांचं प्रदर्शनदालन केलं आणि काही घरं एकट्या आयांना शिक्षण पुरं होईपर्यंत राहायला दिली. मी गेलो तेव्हा ओसरीवर बसलेल्या एका वयस्कर बाईंनी "कुठून आलास, बाळा?" अशा अर्थाचं काही विचारलं. मी पासष्टीचा. पाणी प्यायला दिलं, आणि गायिका बियॉन्से इथं जवळच वाढली हे मला ठाऊक आहे का याची खात्री करून घेतली. पोलिसाच्या हातून मारला गेलेला जॉर्ज फ्लॉइडही याच वॉर्डातल्या सरकारी घरांत वाढला होता. त्याचं चित्र एका भिंतीवर आहे.

बेलेअर बुलेव्हार्ड हा अगदी दुसरा मुलूख. पश्चिमेला जात राहिलं की पाट्या चिनी आणि व्हिएतनामी भाषांत दिसायला लागतात. एप्रिल 1975 मध्ये सायगाव पडल्यावर व्हिएतनामी निर्वासितांचे लोंढे अमेरिकेत आले, आणि उष्ण दमट हवा, मासेमारी आणि स्वस्त घरं यांमुळं त्यातले कितीतरी ह्यूस्टनकडे वळले. सुरुवात सुखाची नव्हती. गॅल्व्हेस्टनच्या उपसागरात कोळंबी धरणाऱ्या व्हिएतनामी कोळ्यांना कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक बंदुका घेऊन धमकावू लागले, बोटी जाळल्या गेल्या. कोळी कोर्टात गेले. 1981 मध्ये न्यायाधीश गॅब्रिएल मॅक्डोनल्ड यांनी क्लानला मनाई हुकूम केला. त्या टेक्सासमधल्या पहिल्या काळ्या केंद्रीय न्यायाधीश. थर्ड वॉर्डचा आणि बेलेअरचा इतिहास मला इथं एकमेकांना भेटताना दिसतो. एका समाजानं शतकभर झगडून मिळवलेलं न्यायासन दुसऱ्या, कालपरवा आलेल्या समाजाच्या पोटापाण्याच्या कामी आलं.

आज त्याच लोकांनी शहराला त्याचा आवडता पदार्थ दिला आहे. क्रॉफिश म्हणजे शेवंडासारखा दिसणारा, पण बोटभर लांबीचा, गोड्या पाण्यातला जीव. शेजारच्या लुइझियानात तो तिखट मसाल्यात उकडतात. ह्यूस्टनच्या व्हिएतनामी स्वयंपाक्यांनी उकडल्यावर त्यावर लसूण परतलेलं लोणी ओतायला सुरुवात केली. वसंतात हंगाम असतो. मोठ्या परातीत ढीग येतो, टेबलावर कागद अंथरलेला, हात कोपरापर्यंत लाल. आमच्या शेजारच्या टेबलावर मेक्सिकन कुटुंब होतं, पलीकडे काळ्या तरुणांचा घोळका. शेपटी पिळून मांस कसं काढायचं ते त्या कुटुंबातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीनं मला शिकवलं.

हिलक्रॉफ्टवर आलो की आपण आपल्यांत. 2010 पासून या भागाला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं अधिकृत नाव आहे. सोन्याची दुकानं, साड्या, चाटची गाडी वाटावी अशी उपाहारगृहं, आणि त्यांच्या मधोमध पाकिस्तानी कबाबवाले, अफगाण नानवाले, इराणी किराणा. मला इथं भाजणी मिळाली. 1965 च्या कायद्यानं अमेरिकेनं देशवार कोटा काढून टाकला, तेव्हा आलेल्या डॉक्टर आणि इंजिनियर मंडळींमागून हा बाजार वाढला. मराठी माणसं तेल कंपन्यांत आणि इस्पितळांत आहेत. त्यांचं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. पण आपल्या माणसांची राहण्याची खरी जागा शुगरलँड आणि आसपास. तिथल्या वस्तीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणसं आशियाई आहेत.

या शुगरलँडबद्दल जरा थांबून सांगायला हवं. नावातच साखर आहे. इथं ब्राझोस नदीच्या काठी उसाचे मळे होते आणि ते गुलाम राबवत. गुलामी संपल्यावर मळे कोण राबवणार? 1878 मध्ये टेक्सास सरकारनं राज्यातले सगळेच्या सगळे कैदी कनिंगहॅम आणि एलिस या दोन मळेवाल्यांना भाड्यानं दिले. त्यात बहुसंख्य काळे होते, आणि किरकोळ चोरीला किंवा कामधंदा नसण्याला वर्षानुवर्षांची शिक्षा होई. माणसं ताप, उष्मा आणि मार यांनी मरत. साखरेच्या कारखान्याची लाल विटांची उंच इमारत अजून उभी आहे. भाचीच्या घरापासून दहा मिनिटांवर.

रेजिनाल्ड मूर नावाचे एक माजी तुरुंग-कर्मचारी कित्येक वर्षं सांगत होते की या कैद्यांची स्मशानभूमी इथंच कुठंतरी आहे. कुणी मनावर घेतलं नाही. 2018 मध्ये एका शाळेच्या इमारतीसाठी खोदताना हाडं लागली. एकूण 95 माणसं निघाली. 94 पुरुष, एक स्त्री. काही जेमतेम चौदा वर्षांचे. मणके आणि खांदे ओझ्यानं झिजलेले. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांना त्याच जागी पुन्हा पुरलं, आणि पुढच्या वर्षी मूर गेले.

भाचीला हे माहीत नव्हतं. तिचा दोष मी मानत नाही. नव्या गावात माणूस शाळा बघतो, घराचा हप्ता बघतो, रस्ता बघतो. आम्ही दोघं एका संध्याकाळी तिथं गेलो. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मी रोज इथून जाते, मामा." दुसऱ्या शनिवारी तिनं मुलाला तिथं आणलं आणि स्वतः सगळं सांगितलं.

नासाबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथं सगळेच जातात. 110 मीटर लांबीचं सॅटर्न रॉकेट एका लांबलचक शेडमध्ये आडवं ठेवलेलं आहे. त्याच्या बुडाशी उभं राहून टोकाकडे बघावं, पुस्तकातल्या कुठल्याही चित्रातून ते आकारमान कळत नाही. 20 जुलै 1969 ला चंद्रावर यान उतरल्याचा जो संदेश पृथ्वीवर आला, त्यात याच शहराला हाक होती. आवारात लांब शिंगांची गुरं चरत असतात. कल्पना चावला इथंच काम करत आणि याच भागात राहत.

मेडिकल सेंटर मात्र मी रोज पाहत होतो. कापसाचा व्यापारी मनरो अँडरसन याच्या न्यासाच्या पैशांतून 1940 च्या दशकात उभं राहिलेलं हे जगातलं सर्वांत मोठं वैद्यकीय संकुल. डेंटन कूली यांनी 1969 मध्ये माणसाच्या छातीत पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं ते इथं. स्टेशनवर सकाळी सातला उतरणाऱ्या परिचारिकांच्या आणि तंत्रज्ञांच्या गर्दीत सगळं ह्यूस्टन दिसतं. तिथंच आजारी माणसाला धरून आणणारी, कुठल्या कुठल्या देशांतून आलेली कुटुंबंही दिसतात. हे रोज पाहताना मला भाचीच्या शहराबद्दल अभिमान वाटू लागला होता.

एक जागा चुकवू नका. मेनिल कलेक्शन हे कलासंग्रहालय आणि त्याच्या शेजारचं रॉथको चॅपेल. दोन्हीकडे प्रवेश मोफत. चॅपेल 1971 चं, अष्टकोनी, कुठल्याही एका धर्माचं नसलेलं. आत मार्क रॉथको यांची चौदा प्रचंड काळपट चित्रं. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही. मग काळ्यातून जांभळा वर येतो. बाहेर हौदात मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केलेला तुटका स्तंभ उलटा उभा आहे.

आणि पुन्हा पाणी. ऑगस्ट 2017 च्या अखेरीला हार्वे वादळ टेक्सासवर येऊन ठाण मांडून बसलं. चार दिवसांत ह्यूस्टनच्या बऱ्याच भागांत तीस ते चाळीस इंच पाऊस झाला. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, हे आठवणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दोन्ही शहरांची चूकही एकच आहे. पाणी मुरायच्या जागी आपण सिमेंट ओतलं. 1935 च्या पुरानंतर पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं बांधली गेली. ती एरवी कोरडी असतात आणि पूर आला की भरतात. पुढं त्या धरणांच्या पोटातच, पाणी साठायच्या पातळीखाली, वसाहती उभ्या राहिल्या. घर घेणाऱ्या कितीतरी लोकांना आपण जलाशयात राहतो हे ठाऊक नव्हतं. हार्वेत आधी ती घरं बुडाली, मग धरण फुटू नये म्हणून पाणी सोडलं तेव्हा खालची बुडाली. ज्या मोकळीकीनं या शहरानं लाखो लोकांना जागा दिली, तिनंच त्यांना पाण्यात नेऊन बसवलं. मला ह्यूस्टनचं कौतुक आहे, म्हणूनच हे लिहिणं भाग आहे.

भाचीच्या घरात पाणी आलं नाही. तिच्या मैत्रिणीकडे छातीएवढं होतं. त्यांना बोटीनं काढलं ते मासे धरायला जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांनी. एक लुइझियानाहून आलेला गोरा, दुसरा मेक्सिकन. वर्षानंतर, वादळाच्या पहिल्या स्मृतिदिनी, 25 ऑगस्ट 2018 ला, इथल्या काउंटीच्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलरचं कर्ज काढायला मोठ्या बहुमतानं मंजुरी दिली. बायूंचे काठ रुंद होत आहेत, काही घरं विकत घेऊन तिथं पुन्हा गवत वाढू दिलं जातं आहे.

बफेलो बायूच्या काठानं आता मैलोन्‌मैल बाग आहे. तिच्याखाली 1926 चा पाण्याचा जुना भूमिगत हौद आहे, 221 खांबांचा, आत एक शब्द बोललो तर तो कितीतरी वेळ फिरत राहतो. आणि वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली वटवाघळांची फार मोठी वसाहत आहे. हार्वेत पाणी पुलाच्या खालच्या अंगाला लागलं, हजारो बुडाली, आणि लोकांनी जमतील तेवढी वाचवली. मी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे तिथं गेलो. सूर्य मावळला, वास आला, मग पंखांची सळसळ, आणि धुराच्या लोटासारखा थवा पाण्यावरून पूर्वेला निघाला. वीस मिनिटं संपेचना. काठावर शे-दीडशे माणसं होती आणि सगळी गप्प होती.

आपल्यापैकी पुष्कळ आईवडील मुलांकडे सहा-सहा महिने ह्यूस्टनला राहायला जातात. त्यांना माझी विनंती आहे. मंदिर आणि नासा झाल्यावर एक दिवस इमॅन्सिपेशन पार्कसाठी काढा, एक शुगरलँडच्या त्या 95 माणसांसाठी, आणि नातवंडांना बरोबर न्या. शेवटची संध्याकाळ वॉ ड्राइव्हच्या पुलासाठी ठेवा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, पूर्वेच्या अंगाला उभे राहा. तिकीट नाही.